वर्णन जुळत नाही

१

रविवारी दुपारची जेवणं आटोपली की अकोल्याच्या जुन्या शहरात निम्मे लोक आडवे व्हायचे आणि निम्मे केबलवर भुतं पाहायला बसायचे. कार्यक्रमाचं नाव 'भूतवार्ता'. तो काढणारे तिघंच: शाकीब, ज्योत्स्ना आणि शाकीबचा जुना कॅमेरा. कॅमेऱ्याला माणसांत धरायचं कारण असं की त्याला लहरी यायच्या, आणि त्या सांभाळण्यात शाकीबचा अर्धा दिवस जायचा.

शाकीबचं लग्नाच्या शूटिंगचं दुकान होतं. पण त्या वर्षांत कापूसवाल्या गावांतली लग्नं निमूटपणे, व्हिडिओविनाच उरकायची. मग रिकाम्या बसलेल्या शाकीबला लहानपणचा टीव्ही आठवायला लागला. मागे निळा पडदा, टेबलावर प्लास्टिकची फुलं, काठपदराच्या साडीतली निवेदिका, मधूनच थरथरणारं चित्र आणि ते गेलं की येणारी 'व्यत्ययाबद्दल क्षमस्व' ही पाटी. त्यानं ते जसंच्या तसं उभं केलं, फक्त बातम्या भुतांच्या. शेतकऱ्यांसाठीच्या कार्यक्रमात एक हडळ कपाशीवरच्या लाल्या रोगाचा उपाय सांगायची. हवामानाचा अंदाज चुकला की निवेदक खुर्चीतच विरून जायचा. चित्र जुनाट दिसावं म्हणून ते आधी घासलेल्या कॅसेटवर उतरवायचं, मग केबलवाल्याकडे द्यायचं. लोक पोट धरून हसायचे. हसण्यासारखं दुसरं काही तेव्हा फारसं नव्हतंच.

निवेदिका ज्योत्स्ना. डी.एड. करून नोकरीची वाट पाहत बसलेली. लहानपणी हातात कंगवा धरून टीव्हीसमोर बसायची आणि निवेदिकेच्या मागोमाग शब्द म्हणायची, त्यामुळे तिचं शुद्ध मराठी असं तयार झालेलं की ऐकणाऱ्याला वाटावं ही बाई अकोल्याची नाहीच. घरी मात्र 'मले-तुले'. एकदा पुण्याला मुलाखतीत तिच्या तोंडून 'मले' निसटलं तर समोरच्या बाई फार गोड हसल्या होत्या. त्या हसण्यानं तिला आठवडाभर अन्न गोड लागलं नव्हतं. 'भूतवार्ते'त बसून ती जणू त्या बाईंना उत्तर देत होती.

२

स्टुडिओ म्हणजे बंद पडलेल्या जिनिंगमधली कचेरीची खोली. ज्योत्स्नाचे वडील देवमन जन्मभर त्याच जिनिंगमध्ये सरकी काढायच्या यंत्रांवर होते. यंत्रांच्या धडधडाटात ओरडून बोलायची सवय लागलेली, ती कारखाना बंद पडला तरी सुटली नाही. घरात मीठ मागितलं तरी गल्लीतली तीन घरं दचकायची.

"ह्या भागात तुझे बा पाहिजेत," शाकीब म्हणाला. "हरवलेल्या व्यक्तींची माहिती असते ना, ती करू. एक भूत तक्रार द्यायला येतं, की मी धरलेला माणूसच हरवला."

देवमन खुशीत आले. शाकीबनं सोंगांच्या कपड्यांच्या पेटीतला बिनबाह्यांचा तपकिरी स्वेटर त्यांना घालायला लावला आणि समोरून फोटो काढला. एप्रिल महिना, बाहेर डांबर वितळत होतं, आणि फोटोत हे गृहस्थ स्वेटर घालून बसलेले. अर्धा विनोद तिथेच झाला. उरलेला अर्धा ज्योत्स्नानं लिहिला. निळ्या पडद्यासमोर बसून, चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता ती वाचायला लागली:

"नाव देवमन. रंग सावळा, बांधा मध्यम. अंगात तपकिरी स्वेटर. स्वभाव शांत. शुद्ध मराठी बोलतात. आढळल्यास कृपया खालील क्रमांकावर कळवावे."

क्रमांक शाकीबच्या दुकानाचा. तेवढीच जाहिरात.

"मी कवा शांत होतो वं?" कॅमेऱ्यामागून देवमन गरजले. "तुही माय हे ऐकन तं टीव्ही फोडन. अन् शुद्ध म्हंजे काय? मी का बाटलो होतो?"

शाकीब इतका हसला की कॅमेरा हलला आणि सगळं पुन्हा करावं लागलं. ज्योत्स्नाही हसली. पण ते वाक्य लिहिताना नुसती गंमत मनात नव्हती हे तिला ठाऊक होतं. बापावर तिचा जीव होता. तरी आपला बा असा चारचौघांत शुद्ध बोलला असता तर कसं वाटलं असतं, हे पाहायची तिला हौस होती. फोटो काढून झाल्यावर देवमननी स्वेटर ओरबाडून काढला, पेटीत फेकला आणि बाहेर जाऊन बोअरच्या पाण्याखाली डोकं धरलं.

३

तो भाग लागायचा होता त्या रविवारी सकाळीच देवमन अमरावतीला निघाले. तिथे त्यांची बहीण ललिता. बडनेऱ्याला गाडी बदलायची, दुपारी बहिणीकडे जेवायचं, संध्याकाळी परत. "तुही टीव्ही ललिताच्या घरी कुठी दिसते," असं कुरकुरतच ते गेले. अंगात पांढरा सदरा, खांद्यावर दुपट्टा.

दुपारी भाग लागला. गल्लीभर हशा. ज्योत्स्नाची आई मैनाबाई पदर तोंडाला लावून हसली. "स्वभाव शांत" ऐकल्यावर तर तिला ठसका लागला.

दिवस मावळायच्या सुमारास दाराची कडी वाजली. देवमन कडी वाजवत नसत. कोपऱ्यावरून हाक मारत यायचे आणि दार उघडं नसलं तर पायानं ढकलायचे.

"दार उघडता का?" बाहेरून आवाज आला.

आवाज त्यांचाच, पण बेताचा. ज्योत्स्नानं दार उघडलं. बा उभे होते. अंगात तपकिरी स्वेटर.

"शाकीबनं आणून देल्लं का हे? ह्या उन्हात?" तिनं विचारलं.

"छान आहे," ते म्हणाले आणि हसले. आधी ते म्हणाले आणि जरा वेळानं हसले.

बा टीव्हीतल्या त्या वर्णनाचीच नक्कल करून दाखवताहेत असं ज्योत्स्नाला वाटलं. बा सकाळी काहीही म्हणोत, कार्यक्रम बडनेरा-अमरावतीच्या केबलवरही लागतो आणि ललिताआत्याच्या घरी केबल आहे, तिथे भाग पाहिला असेल, सोंग वठवताहेत. ती टाळ्या वाजवून हसली. ते तिच्याकडे बघत राहिले. कपाळावर घामाचा थेंब नव्हता.

४

सोंग दुसऱ्या दिवशी उतरलं नाही. चौथ्या दिवशीही नाही.

ते बैठकीच्या खोलीत लाकडी खुर्चीवर ताठ बसायचे, हात मांडीवर. जेवायला बोलावलं की "येतो" म्हणून यायचे. वरणात मीठ कमी पडलं तरी न बोलता जेवायचे. मैनाबाईला "आपण बसा, मी घेतो" म्हणाले तेव्हा तिच्या हातातली वाटीच पडली.

"माय, तुले काही वाटत नाही का?" ज्योत्स्नानं स्वयंपाकघरात हळूच विचारलं.

मैनाबाई चुलीकडे पाहत राहिली. "काय वाटू दे? चिल्लावत नाही, शिव्या देत नाही. लगन झाल्यापासून मले कोणी 'आपण' म्हणलं नोतं पोरी. तुह्या टीव्हीनं बुढा सुधारला म्हन."

"पण स्वेटर?"

"बुढ्या माणसाले थंडी वाजते."

अकोल्यात, एप्रिलमध्ये. मैनाबाईलाही ते पटलं नव्हतं, तिच्या आवाजावरून कळत होतं. पण तिला ते पटवून घ्यायचं होतं, आणि आईच्या वाट्याला आलेलं हे एवढंसं सुख हिसकावायला ज्योत्स्नाची जीभ रेटेना.

मग ती आपल्या मनाची समजूत घालू लागली. रिकामपणानं माणूस बदलतो. जिनिंग गेल्यापासून बा आतून खचले असतील. उन्हाचा झटका असेल. डॉक्टरला दाखवू.

त्या दुपारी भारनियमनात वीज गेली. पंखे थांबले की घर एकदम गप्प होतं आणि शेजारच्या घरातलं पाणी ओतल्याचंही ऐकू येतं. ज्योत्स्ना मागच्या अंगणातून आत आली. बैठकीची खोली मागून ओलांडताना तिला त्यांची पाठ दिसायला हवी होती, कारण खुर्ची रस्त्याच्या दाराकडे तोंड करून ठेवलेली असायची. तिला चेहरा दिसला. समोरून, हात मांडीवर. ती तशीच मागे फिरली, घराला वळसा घालून रस्त्याच्या दारानं आत आली.

चेहराच दिसला. समोरून, हात मांडीवर. खुर्ची जिथे होती तिथेच होती आणि मागच्या पायांपाशी साचलेली धूळही हललेली नव्हती.

"कोणाला शोधता आहात?" त्यांनी विचारलं.

ती बाहेर पडली. संध्याकाळी वीज येईपर्यंत ओसरीवरच बसून राहिली.

५

दुकानाच्या फोनवर त्या आठवड्यात उपद्रवच होता. कुणी म्हणे देवमन आमच्या विहिरीत सापडले, कुणी म्हणे आमच्या सासूनं धरून ठेवलेत, सोडत नाही. शाकीब मजेनं सगळ्यांना "वर्णन सांगा" म्हणायचा.

ज्योत्स्ना दुकानात होती तेव्हा एक फोन तिनं उचलला. मागून रेल्वेची घोषणा ऐकू येत होती.

"मी वामनराव बोलून राहिलो, बडनेऱ्याहून. ठेसनावर चायचं दुकान हाये माहं. तुमच्या टीव्हीत दाखवलेला माणूस इथी बसून हाये. रविवारपासून."

"आमचे वडील घरीच आहेत," ज्योत्स्ना म्हणाली.

"असतीन बाई. पण मी काय म्हन्तो, पोलिसाले दाखवला म्या. थे म्हन्ते वर्णन जुळत नाही. टीव्हीत सांगते शांत हाये, शुद्ध बोलते. हा तं आपल्यावानी बोलते, अन् बोलते म्हंजे काय, ठेसन हालवते. स्वेटर बी नाही, दुपट्टा हाये. तोंड मात्र थेच. गाडी आली का उठते, डब्यापाशी जाते, अन् वापस येऊन बसते. म्या म्हनलं बाप्पा, घरी जा नं. तं म्हन्ते, कसा जाऊ, माह्या पोरीनं मले टीव्हीवर हरवलं. आता थे येऊन सोधन तवाच मी सापडन."

कुणीतरी चेष्टा करतंय, तिनं स्वतःला बजावलं. बाच्या बोलण्याची नक्कल तर गल्लीतली पोरंसुद्धा करतात.

"त्यांच्याकडे फोन द्या."

खडखड झाली. आणि मग कान फाटेल अशा आवाजात, फोन म्हणजे जिनिंगच्या पलीकडच्या टोकाला उभा माणूस आहे असं समजून: "हालो! जोत्स्ना व्हय का? कवाची वाट पाहून राहिलो वं! मले न्याले ये!"

तो आवाज नकलेचा नव्हता. तिला रडू फुटलं. बा, मी येऊन राहिली, तिथून हालू नोको, असं तिला म्हणायचं होतं. शब्द अगदी ओठावर होते. आणि तिनं तिचाच आवाज ऐकला, स्वच्छ, सावकाश:

"आपण कृपया तिथेच थांबा. मी लवकरच येत आहे."

पलीकडून एक मालगाडी धडधडत गेली. मग देवमनचा आवाज, फोनपासून दूर, कुणाला तरी सांगणारा: "हे माही पोरगी नोहे."

६

ज्योत्स्नानं सगळं सांगितलं, तशी शाकीबनं जिनिंगमधून आणून दुकानामागे ठेवलेली सोंगांची पेटी उपसली. झग्यांच्या आणि खोट्या दाढ्यांच्या खाली तपकिरी स्वेटर होता, देवमननी फेकला तसाच चुरगळलेला, काखेत वाळलेल्या घामाचे पांढरे डाग.

"मी त्यांना दिलाच नाही," तो म्हणाला. "ज्योत्स्ना, एक बात पूछूँ? तू आजकल चोवीस घंटे टीव्ही क्यों बोलती है? परसों अम्मीनं तुले चहा विचारला, तर तू 'आभारी आहे' म्हणाली. अम्मी डर गयी."

"मी नेहमीप्रमाणेच बोलते आहे," ज्योत्स्ना म्हणाली, आणि ते शब्द तिला स्वतःलाच ऐकू आले.

तिनं पुन्हा प्रयत्न केला. मले. साधा शब्द. 'माय' म्हणायच्या आधी शिकलेला. मनात तो नीट उमटत होता. ओठांशी येताच त्याचा 'मला' होत होता.

"मैं साथ आता हूँ," शाकीब म्हणाला.

"नको. आपण माझ्या आईजवळ थांबावे. तिला एकटीला त्या गृहस्थांबरोबर ठेवू नये."

शाकीबनं मान हलवली. तो तिच्याकडे पाहायचं टाळत होता हे तिच्या लक्षात आलं, आणि तिला फार एकटं वाटलं.

७

बडनेऱ्यापर्यंत ती खिडकीशी बसून ओठ हलवत राहिली. मले, तुले, त्याले. समोरच्या बाईनं पोराला जवळ ओढून घेतलं. मूर्तिजापूर गेलं, काळी उघडी शेतं गेली, कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचे ढीग गेले. ज्योत्स्नानं ठरवलं की बोलायचंच नाही. नुसतं जाऊन हात धरायचा. बाप लेकीला हातावरून ओळखतोच.

दुपारचं ऊन फलाटावर पत्र्याच्या कडेपर्यंत आलं होतं. वामनरावांचं दुकान तिला लगेच सापडलं, आणि दुकानाजवळच्या बाकावर ते दिसले. पाठमोरे. पांढरा सदरा मळलेला, खांद्यावर दुपट्टा, मानेच्या सुरकुत्यांत घाम. किती दिवसांनी तिला बापाची पाठ दिसत होती! तिनं तिथेच हात जोडले, कुणाला ते तिलाही कळलं नाही. मग ते चहाच्या कपासाठी वळले, आणि वाढलेल्या दाढीचा गाल एका बाजूनं दिसला. तिचे बा. खरे. यात तिळमात्र शंका नव्हती.

ती धावली. समोर गेली. त्यांचा हात धरला.

देवमननी वर पाहिलं. डोळ्यांत ओळख भरून आली, ओठ हलले. ते तिच्या एका शब्दासाठी थांबले होते. न बोलणं तिच्यानं झालं नाही. कोणत्या लेकीच्यानं झालं असतं?

"बाबा, मला ओळखलंत ना? मी आपल्याला न्यायला आले आहे."

त्यांनी हात सोडवून घेतला. घाईनं नाही, विस्तवावरून घ्यावा तसा जपून.

"वामनराव," ते म्हणाले. आणि आयुष्यात पहिल्यांदाच हळू बोलले. "हे थेच बाई हाये. टीव्हीवाली. हिनंच मले हरवलं. पाहा, आता माह्या पोरीचं तोंड लावून आली."

"बाई, तुमी जराक मांगं सरका," वामनराव कपबशी ठेवून मध्ये आले. "बुढा माणूस हाये. भेवून राहिला तुमाले."

ज्योत्स्नानं मान हलवली, छातीवर हात आपटून दाखवला, स्वतःकडे बोट केलं. देवमन बाकाच्या टोकापर्यंत सरकले. जन्मभर यंत्रांशी झुंजलेला तिचा बाप तिला भिऊन थरथरत होता.

तेवढ्यात पुलाच्या जिन्याकडून हाक आली.

"बा! वो बा! इथी बसला का तू? कवाची धुंडून राहिली तुले!"

आवाज ज्योत्स्नाचा होता. घरातला, अंगणातला, निळ्या पडद्यासमोर कधीच न काढलेला.

देवमनचा चेहरा असा उघडला की ज्योत्स्नाला पाहवेना. "आलो वं!" ते गरजले, सबंध फलाट दचकला, आणि ते दुपट्टा सावरत निघाले. गर्दीत तिला जांभळी ओढणी दिसली, जी सकाळी ती घरी दोरीवर वाळत घालून आली होती. तेल लावलेली वेणी दिसली. बाच्या पाठीवर ठेवलेला हात दिसला, बोटांत तिच्यासारखीच बारीक अंगठी. चेहरा दिसला नाही. दोघं जिना चढू लागली. पलीकडच्या फलाटावर गाडी उभी होती. ती कुठे जाणार हे पाटीवरून कळत नव्हतं.

"पाहा, आली नं पोरगी त्याची," वामनराव समाधानानं म्हणाले.

ज्योत्स्ना जिन्याच्या पायथ्याशी धावली. गाडीनं शिटी दिली. वर, शेवटच्या पायरीवर देवमन क्षणभर थबकले आणि त्यांनी मागे वळून पाहिलं, तिच्याचकडे. आता एकच शब्द पुरे होता. तिनं सगळा जीव गोळा केला, छाती भरून श्वास घेतला आणि 'बा' म्हणून हाक मारायला तोंड उघडलं.

"व्यत्ययाबद्दल क्षमस्व," ती म्हणाली.